ग्रहण भारतात दिसणार नाही

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच आहात. फक्त कप खाली ठेवून हसा, कार्पेट नवं आहे.

मूर्खपणा कोण करत नाही हो? पण नीट अभ्यास करून, फोनाफोनी करून, चार शहाण्यांचा सल्ला घेऊन, वर रजा टाकून आणि पाच तास गाडी हाकून जो मूर्खपणा मी केला, त्यासाठी अंगात काहीतरी वेगळंच लागतं.

दोन हजार चार सालची गोष्ट. आम्ही तेव्हा ओहायोत, डब्लिनला राहायचो. मी मूळचा नागपूरचा, धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे जास्त मजा येईल.

त्या वर्षी माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावर चोरून डबा खाणारी मुलगी घास तोंडात धरून पुतळा व्हायची. माझ्याशी मात्र अगदी मऊ बोलायच्या, आणि तेच माझं दुखणं होतं.

त्याचं काय आहे, मी त्यांना अमेरिका दाखवायचं मनावर घेतलं होतं. आधी नायगाराला नेलं. तिथे इतकं दाट धुकं, की कठडा दिसेना, धबधबा तर लांबच राहिला. आवाज मात्र उत्तम होता. लोक नायगारा बघून येतात, आम्ही ऐकून आलो. मग शिकागोला एका उंच इमारतीच्या टोकावर नेलं. तिथे खिडकीला बाहेरून ढग चिकटलेला. त्या ढगाच्या पोटात अर्धा तास उभे राहिलो आणि खाली आलो. चार जुलैची आतषबाजी दाखवायला नेलं, तर असा पाऊस, की आम्ही गाडीत बसून शेंगदाणे खाल्ले.

आणि दर वेळी परत येताना सासूबाई म्हणायच्या, "छान होतं हो प्रशांतराव. धुकंसुद्धा किती छान होतं!"

टोमणा असता तर परवडला असता. टोमण्याला उत्तर देता येतं. त्या मनापासून म्हणायच्या हो!

मंजिरी, म्हणजे माझी बायको, मात्र मनात काही ठेवायची नाही. "तू ट्रिप ठरवलीस ना, की मी आधी छत्र्या भरते," असं चारचौघांत सांगायची.

तर ऑक्टोबरमध्ये एका रात्री आम्ही जेवत होतो. आमची सई तेव्हा सात वर्षांची. तिने लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आजीला दाखवलं. त्यात एका धबधब्याचा फोटो होता, रात्रीचा, आणि त्यावर फिकट कमान. चंद्राच्या उजेडात पडलेलं इंद्रधनुष्य.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"हे मी दर वर्षी नववीला सांगायचे," त्या म्हणाल्या. "प्रकाश तो प्रकाश. सूर्याचा काय नि चंद्राचा काय, रात्रीसुद्धा इंद्रधनुष्य पडतं. आणि दर वर्षी एक तरी पोरगी उभी राहायची. 'बाई, तुम्ही बघितलंय?' काय सांगणार? म्हणायचे, बघितलं नाही, पण आहे. की सगळा वर्ग खी खी करून हसायचा."

मग म्हणाल्या, "एकदा बघायला हवं होतं मी." आणि वरण वाढून घेतलं.

बस, एवढंच. सहा महिन्यांत त्या बाईंनी आपणहून बोलून दाखवलेली ही एकमेव इच्छा. त्याआधी काय हवं विचारलं, की "मला काय हवं असणार?" हेच उत्तर.

मी ठरवलं, हे दाखवायचंच.

शोधलं तर तो फोटो केंटकीतल्या कंबरलँड धबधब्याचा निघाला. आमच्यापासून पाच तासांवर. पौर्णिमेच्या आसपास आकाश स्वच्छ असेल तर दिसतं म्हणे. पौर्णिमा कधी? बुधवारी. आणि साधीसुधी नाही, कोजागरी! सासूबाईंचं परतीचं विमान शनिवारचं. म्हणजे पुढच्या पौर्णिमेला त्या अमरावतीत. एकच रात्र, एकच चान्स. मी म्हटलं, ही ट्रिप टेस्टरसारखी ठरवायची. एकही चूक राहता कामा नये.

आणि सासूबाईंना सांगायचं नाही. सरप्राइज! हे सरप्राइजचं खूळ डोक्यात नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण त्या घरात विज्ञान येणारी एकच व्यक्ती होती आणि तिलाच मी प्लॅनमधून वगळलं.

सल्लामसलतीला बापट नवरा-बायकोला बोलावलं. किरण बापट पुण्याचा. म्हणजे शंका विचारली तर एक उत्तर देतो, न विचारली तर दोन. त्याची बायको मीनल, ती सणवारांतली तज्ज्ञ. सासूबाई वरच्या खोलीत बॅगा भरत होत्या आणि आम्ही चौघे खाली स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर कुजबुजत उभे. आपलं मराठी कॅलेंडर हो, पुढे तिथी, मागे पाककृती. दर वर्षी कोणी ना कोणी बॅगेत गुंडाळून आणतंच.

"अरे," मंजिरी कॅलेंडरला नाक लावून म्हणाली, "इथे बारीक अक्षरात खग्रास चंद्रग्रहण लिहिलंय."

मी घाईघाईने म्हटलं, "पुढे काय लिहिलंय बघ!"

"भारतात दिसणार नाही."

"हुश्श!" चौघेही एकदम.

"मग प्रश्नच मिटला," बापट म्हणाला. "जे दिसत नाही ते पाळायचं नसतं. सिंपल. आमची आई 'दिसणार नाही' एवढं वाचायची आणि खुशाल भाजी चिरायला बसायची."

"दूधही प्यायला हरकत नाही," मीनलने निर्वाळा दिला.

आता तुमच्यातल्या काही जणांच्या लक्षात आलंय. दिसतंय मला तुमच्या तोंडावर. थांबा, बोलू नका! त्या स्वयंपाकघरात चार इंजिनिअर उभे होते हो, त्यातले दोघे मास्टर्स. एकाच्याही डोक्यात शिरलं नाही, की आपण ज्या ओट्याला टेकून उभे आहोत तो ओटा भारतात नाही.

बरं, देवाने सावध केलं नाही असंही नाही. तीन वेळा केलं.

सई शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, मिस कॅरल सेड देअर्स ॲन इक्लिप्स ऑन वेन्सडे."

"ते दिसणार नाहीये बेटा. कॅलेंडरमध्ये लिहिलंय."

"बट मिस कॅरल सेड—"

"मिस कॅरलकडे आपलं कॅलेंडर आहे का?"

"नो."

"मग?"

पोरगी दप्तर घेऊन आत गेली. मला वाटलं, बघा, तर्कशुद्ध विचार असा शिकवायचा असतो.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बिलने विचारलं, "प्रशांत, यू वॉचिंग टुमॉरो नाइट?" बेसबॉलच्या फायनलचे दिवस होते. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण संभाषण पुढे न्यायचं म्हणून मी म्हटलं, "नो. हू इज विनिंग?" बिलने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "द अर्थ, आय गेस." मी मान डोलावली. म्हटलं, असेल एखादी टीम.

आणि तिसरं, मी धबधब्याच्या पार्कला फोन केला. तिकडची बाई म्हणाली, "बुधवारी? ओ हनी, एव्हरीबडी इज कमिंग! लवकर या, पार्किंग मिळायचं नाही." मी फोन ठेवून मंजिरीला सांगितलं, "बघ. लोकांना किती क्रेझ आहे इंद्रधनुष्याची! आणि तू छत्र्या भर."

बुधवारी दुपारी भाड्याची मोठी व्हॅन घेऊन निघालो. मी, मंजिरी, सई, सासूबाई आणि बापट दांपत्य. मागे दोन मोठ्या थर्मासांत केशर-वेलदोड्याचं आटवलेलं दूध. सासूबाईंना सांगितलं, बापटांच्या एका मित्राकडे कोजागरी आहे.

सिनसिनाटी गेलं, नदी ओलांडून केंटकीत शिरलो, तशा त्या हळूच म्हणाल्या, "मंजू, दूध प्यायला फारच लांब आलो ना गं?"

मग मात्र मला राहवलं नाही. "आई, आज तुम्हाला चांदण्यातलं इंद्रधनुष्य दाखवायला नेतोय."

आरशात बघितलं तर त्यांचं तोंड खिडकीकडे वळवलेलं आणि पदर डोळ्यांना लावलेला. माझी नजर आरशातून हलेना. लगेच स्वतःला बजावलं, बाबा रे, गाडी चालव.

थोड्या वेळाने नाक पुसून त्या सरळ बसल्या आणि व्हॅनचा नववीचा वर्ग झाला.

"मीनल, प्रकाश पाण्याच्या थेंबात शिरला की त्याचं काय होतं?"

"वाकतो, काकू."

"वाकतो? म्हातारा आहे का तो? वक्रीभवन म्हण! किरण, हसू नकोस, पुढचा प्रश्न तुला आहे."

बापट चक्क घाबरला. तेवढ्यात डावीकडच्या टेकड्यांमागून चंद्र वर आला, परातीएवढा, पिवळाधमक. आकाशात ढगाचा ठिपका नाही. धुकं नाही, पाऊस नाही. मी मनात म्हटलं, प्रशांत, जिंकलास लेका.

धबधब्यापाशी पोहोचलो तर खरोखरच जत्रा. घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटं, तिपायांवर कॅमेरे. आणि एक गंमत बघा, निम्म्याहून अधिक लोकांची पाठ धबधब्याकडे! सगळे माना वर करून चंद्राकडे बघतायत.

मला त्यांची कीव आली. एवढ्या लांबून आलेत बिचारे आणि कुठे बघायचं तेच माहीत नाही! इंद्रधनुष्य नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडतं. नुकताच सासूबाईंचा क्लास झाला होता ना माझा. तिथे टोपी घातलेले एक आजोबा दुर्बीण चंद्रावर रोखून बसले होते. मी त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"एक्सक्यूज मी, सर. मूनबो इज दॅट साइड."

"आय नो, सन," आजोबा म्हणाले. "वी आर हिअर फॉर द इक्लिप्स."

"बट..." मी अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, "द इक्लिप्स इज नॉट व्हिजिबल."

"सेज हू?"

आता काय सांगणार? स्वयंपाकघरातलं कॅलेंडर?

तेवढ्यात बापटाने माझं कोपर घट्ट धरलं. "प्रशांत, यार... भारतात दिसणार नाही म्हणजे..."

"बोलू नकोस."

"भारतात आत्ता सकाळ आहे रे. तिकडे चंद्रच नाही. म्हणून दिसणार नाही!"

"बोलू नकोस म्हटलं ना!"

"टोल्ड यू," सई म्हणाली.

मी वर बघितलं. चंद्राची कड उंदराने पोळी कुरतडावी तशी गेली होती. सहा वर्षं ओहायोत राहत होतो, तिथला टॅक्स भरत होतो, तिथला बर्फ उपसत होतो, पण आकाश मात्र मी अजून नागपूरचंच वापरत होतो!

धबधब्यावरचा उजेड बघता बघता मावळायला लागला. पाण्याच्या तुषारांत जे काही पांढुरकं दिसेल-दिसेलसं वाटत होतं तेही विझलं. मी हळूच सासूबाईंकडे वळलो. त्या वर बघत होत्या.

"अगंबाई, लागलं की ग्रहण," त्या म्हणाल्या. आणि मग, तुम्हीच सांगा काय म्हणाल्या असतील?

"छान आहे हो प्रशांतराव. ग्रहणसुद्धा किती छान आहे!"

खरं सांगतो, मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. धुकं माझ्या हातात नव्हतं, पाऊस माझ्या हातात नव्हता. पण हे तर छापलेलं होतं हो! आणि शनिवारी त्या जाणार होत्या.

तिकडे दुधावरून वेगळंच रामायण सुरू झालं. मीनल थर्मास पोटाशी धरून बसली. "आता दिसलंय म्हणजे पाळावं लागणार. ग्रहण सुटेपर्यंत दूध नाही."

"अगं, पण कॅलेंडरप्रमाणे दिसत नाही ना?" मंजिरी म्हणाली.

"कॅलेंडर भारताचं आहे!"

"मग हे दुपारी नाही का सुचलं तुला?"

"तुला तरी कुठे सुचलं?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "मला दे गं. ती पृथ्वीची सावली आहे. तिला काय कळतंय तुझ्या थर्मासात काय आहे ते?" आणि त्यांनी पेला भरून घेतला. दुसरा भरून त्या टोपीवाल्या आजोबांना नेऊन दिला. "मिल्क. हॉट. ड्रिंक." आजोबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि उठून आपली खुर्ची आणि दुर्बीण दोन्ही त्यांच्या ताब्यात दिली.

तासाभरात चंद्र पुरता झाकला गेला. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लालसर गोळा. सगळे कसे श्वास धरून बघत होते. मी मात्र कठड्यावर कोपरं टेकून काळ्या पाण्याकडे बघत होतो.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. "ते आजोबा म्हणतायत, मध्यरात्रीनंतर सुटेल. थांबू या का?"

"आई, थंडी आहे. तुम्हाला त्रास होईल. पाच तास परत जायचंय."

"मग काय झालं? ग्रहण काय कायमचं लागतं का?" आणि पहिल्यांदाच त्या वर्गातल्या आवाजात बोलल्या, "थांबायचं म्हणजे थांबायचं."

त्या आवाजाने शेजारची चार अमेरिकन माणसंसुद्धा खाली बसली.

हळूहळू ग्रहण बघून गर्दी पांगली. आम्ही थांबलो. थंडी वाढली, तशी मंजिरी म्हणाली, आईची शाल व्हॅनमध्ये राहिलीय, आण. मी गेलो. शाल सापडली. बोटं गारठली होती, म्हणून म्हटलं दोन मिनिटं हीटर लावावा. लावला. सीट जरा मागे केली.

डोळे उघडले तेव्हा गाडी हायवेवर होती आणि बाहेर फटफटत होतं. मी मागच्या सीटवर, अंगावर शाल. बापट गाडी चालवतोय. मंजिरी, मीनल, सई, सगळ्यांचे केस तुषारांनी भिजून वाळलेले, आणि सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, की माझ्या लगेच लक्षात आलं.

"दिसलं?" मी ओरडलोच.

"बाबा, इट वॉज ऑसम!" सई म्हणाली.

"ग्रहण सुटलं आणि पाऊण तास दिसलं," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आई हलायलाच तयार नव्हती."

"कोजागरीला लक्ष्मी विचारत येते, कोण जागं आहे म्हणून," बापट पुढून म्हणाला. "काल आली होती. व्हॅनमधलं घोरणं ऐकून पुढे गेली."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. रात्रभर झोप नाही, पण डोळे कसे लख्ख. मी विचारलं, "आई, कसं होतं?"

"पांढरं," त्या म्हणाल्या. "रंग जवळजवळ नाहीतच. काळ्यावर पांढरी कमान. अहो, तीस वर्षं मी फळ्यावर पांढऱ्या खडूने इंद्रधनुष्य काढत आले. रंगीत खडू शाळेत कुठले? पोरी म्हणायच्या, बाई, असं कुठे असतं का?" त्यांनी माझा हात हातात घेतला. "असंच असतं हो, प्रशांतराव. अगदी मी काढायचे तसंच. तुमच्यामुळे बघितलं. फार फार बरं वाटलं."

या वेळी 'छान होतं हो' नाही. माझे डोळे भरून आले. आनंदच झाला हो, तुमची शपथ. पण आनंद जरा ओसरला आणि माझ्यातला टेस्टर जागा झाला.

"पण पाऊण तास दिसत होतं," मी म्हटलं, "तर मला कोणी उठवलं का नाही?"

मंजिरी खिडकीबाहेरच्या गाई मोजायला लागली. बापटाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. सईने तोंडावर हात ठेवला.

शेवटी सासूबाईच बोलल्या. "किरण निघाला होता उठवायला. मीच नको म्हटलं."

"का हो, आई?"

"हे बघा, मी विज्ञानाची बाई," त्या माझा हात थोपटत, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "जन्मात कधी शकुन-अपशकुन मानला नाही. पण आकाश स्वच्छ होतं, समोर कमान उभी होती. म्हटलं, चंद्र एका ग्रहणातून नुकता कुठे सुटलाय, लगेच दुसरं कशाला लावून घ्यायचं?"